मिठाचं पोतं आणि सिमेंटचे बॉम्ब

मुलांनो, पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. तुमचा शाळेचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. त्यातली सगळी बाकं बाहेर काढा. आता वर्गाचं दार चौकटीसकट उखडून फेकून द्या. फेकलंत? मग तो वर्ग उचला आणि डोंगराच्या दोन रांगांमध्ये आभाळात सोडा. दाराच्या भोकातून वारा असा आत घुसतो की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागतं. भोकापाशी पोत्यांची थप्पी आहे. तिच्यामागे दोन माणसं पाठीवर आडवी पडली आहेत. गुडघे छातीशी, तळवे पोत्यांना टेकलेले, कमरेला पट्टा, पट्ट्याचं टोक विमानाच्या भिंतीला अडकवलेलं. घंटा वाजली की दोघांनी पाय झाडायचे. पोती बाहेर, खाली डोंगरावर. पुन्हा घंटा वाजली की थांबायचं.

हे डाकोटा विमान. मी त्यात वायरलेसवर होतो, म्हणून एवढं नीट सांगता येतं.

आता या चित्रात बॉम्ब कुठे दिसतो का ते शोधा. नाही ना दिसत? आमच्या गावचे नगराध्यक्ष बापूसाहेब जगदाळे यांना दिसला होता.

बरीच वर्षं झाली त्याला. मी पेन्शन घेऊन गावी राहत होतो आणि दुपारी गच्चीवर पोराटोरांना कागदाची, पुठ्ठ्याची विमानं करायला शिकवत होतो. बापूसाहेबांनी खटपट करून मोडीत निघालेलं एक डाकोटा मिळवलं आणि एसटी स्टँडसमोरच्या बागेत, चांगल्या उंच चौथऱ्यावर चढवलं. तिथवर त्यांचं मी कौतुकच केलं. पण रंगरंगोटी झाल्यावर बघायला गेलो, तर विमानाच्या नाकावर शार्क माशाचे दात रंगवलेले होते. आमचं डाकोटा पोट सुटलेलं, खोकत खोकत उडणारं विमान होतं. ते कुणाला चावेल असं शत्रूलाही कधी वाटलं नव्हतं. आणि दोन्ही पंखांखाली भोपळ्यासारखं काहीतरी टांगलेलं होतं.

"बापूसाहेब, हे काय?"

"बॉम्ब आहेत, सार्जंटसाहेब."

"कुणाचे?"

"आपलेच. सिमेंटचे. आत लोखंडी सळ्या घातल्यात." त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या गवंड्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या विहिरीचा कठडा यानंच बांधलाय. हलायचं नाव नाही."

"हे मालवाहू विमान आहे. यातून आम्ही सामान टाकायचो. मीठ, तांदूळ, रॉकेल. पॅराशूट बांधून बकऱ्यासुद्धा."

बापूसाहेबांनी गवंड्याकडे पाहिलं. गवंड्यानं बापूसाहेबांकडे पाहिलं. दोघं हसले.

"मग जिल्ह्याहून पाहुणे बोलावून त्यांना सांगू का, की या, आमच्या किराणा मालाच्या विमानाचं उद्घाटन करा?"

"खरं तेच आहे."

"खरं असू दे की. पण बघायला बरं पाहिजे ना काहीतरी."

बापूसाहेबांचं ज्ञान त्यांच्या फेट्यासारखं होतं. वरून भरघोस, आत नुसती गुंडाळी. मी वाद घातला नाही. घरी येऊन पोरांना मात्र ही गोष्ट सांगितली आणि आम्ही पोट धरून हसलो. एक मुलगी तेवढी हसली नाही. वैजू.

वैजू म्हणजे माझा जुना सोबती हणमंत बाबर याची नात. हणमंत लष्कराच्या पुरवठा तुकडीतला. आसामात जोरहाटच्या तळावरून आमची विमानं उडायची, तेव्हा दाराशी पाठीवर पडून पोती ढकलणाऱ्यांपैकी एक हणमंत. आडदांड, मिशाळ, गप्पिष्ट. वैजूला त्यानं लहानपणापासून विमानाच्याच गोष्टी सांगितल्या होत्या. पॅराशूट बांधलेली बकरी खाली उतरताना कशी बें बें करायची, हे ती त्याच्यासारखंच करून दाखवायची.

"हसत का नाहीस गं?" मी विचारलं.

"मला उद्घाटनाला भाषण करायचंय. आबांची नात म्हणून. मी मिठाचं लिहून नेलं, तर मास्तर म्हणाले, मीठ काय विमानातून टाकतात? खाली येईपर्यंत पोतं फुटून सगळं वाऱ्यावर जाईल."

"मग?"

"मग मी शाळेच्या वरच्या गॅलरीतून मिठाची पिशवी टाकून दाखवली." ती थांबली. "फुटली. मास्तर म्हणाले, बघ. आता सगळे मला मीठवाली म्हणतात."

मास्तर कुणी वाईट माणूस नव्हते. पण पुस्तकात नसलेली गोष्ट जगात असली तर तिनं आधी त्यांची परवानगी घ्यावी, असं मानणारे होते.

"तू पिशवी टाकलीस ती किती पिशव्यांत घालून?"

"किती म्हणजे? पिशवी एकच असते."

उत्तर देऊन टाकणं सोपं असतं आणि त्यानं कुणी शिकत नाही. मी तिला जुन्या गोणपाटाचे तुकडे दिले, वाळू दिली, दाभण आणि सुतळी दिली, आणि सांगितलं, "न फुटणारी पिशवी कर."

तिनं पहिल्यांदा एकाच पिशवीचं तोंड दुहेरी शिवलं. गच्चीवरून टाकली. फुटली. मग तिनं एका पिशवीवर दुसरी चढवली, अगदी घट्ट, पायात मोजा चढवावा तशी. दोन्ही फुटल्या. ती खाली जाऊन फाटक्या पिशव्या हातात घेऊन बसली. बाकीची पोरं कंटाळून घरी गेली.

"आतली फुटली की आतली वाळू जाणार कुठं?" मी विचारलं.

"बाहेरचीत."

"बाहेरचीत जागा आहे का?"

तिनं फाटकी पिशवी उलटी करून पाहिली. मग उठली आणि बाहेरची पिशवी खूप मोठी, ढगळ कापली. आतली निम्मीच भरली. वरून टाकली तेव्हा धप्प आवाज झाला, आतली फुटल्याचंही ऐकू आलं, पण वाळूचा कण बाहेर आला नाही. पिशवी नुसती पसरून बसली, जेवून सुस्तावलेल्या बैलासारखी.

"असंच करायचे?"

"असंच. तांदूळ, डाळ, मीठ, सगळं. आतलं पोतं फुटणारच. ते फुटू द्यायचं. बाहेरचं ढिलं ठेवायचं."

ती खूश झाली असेल असं मला वाटलं. पण ती पिशवीवर हात फिरवत म्हणाली, "पण आता याचा उपयोग नाही. आबांनीच मला सांगितलंय, भाषणात बॉम्ब लिही म्हणून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुणी?"

"आमच्या आबांनी."

संध्याकाळी मी वैजूला घेऊन बागेत गेलो. हणमंत तिथंच होता. उद्घाटन समितीनं त्याला नवा फेटा आणून दिला होता आणि तो बांधून हा गृहस्थ विमानासमोरच्या बाकावर बसला होता, उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच. पोळ्याला सजवलेल्या बैलाला पण जरा लाज असते.

"हणमंता, जन्मात कधी बॉम्बला हात लावलायस?"

"पोरीसमोर नको."

"पोरीनंच सांगितलं. तिच्या तोंडून खोटं बोलवतोस आणि पोरीसमोर नको म्हणतोस?"

"एका दिवसाचा प्रश्न हाय, यशवंता. लोकं टाळ्या वाजवतील, घरी जातील. कुणाचं काय बिघडतंय?"

"किसनचं बिघडतंय."

हणमंतानं फेट्याचा शेमला हातात घेतला आणि तो पिळत बसला.

किसन शेडगे कोण, हे मी तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. सुरुवातीला दारापाशी पाठीवर पडलेली दोन माणसं तुम्ही डोळ्यांपुढे आणलीत ना? त्यातला एक हणमंत. दुसरा किसन. आमच्याच तालुक्यातला, नदीपलीकडच्या गावचा.

नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, डोंगरात लष्कराची एक चौकी होती. वर जायला धड पायवाट नाही. खायचं ते सगळं आभाळातून यायचं. त्या वेळी ढगांनी दरी बुजली होती आणि कितीतरी दिवस आम्हाला जाता आलं नव्हतं. तिथून वायरलेसवर निरोप आला, तो मीच घेतला. भात आहे, मीठ नाही. जवानांच्या पोटऱ्यांत गोळे येतायत, खाल्लेलं पोटात टिकत नाही. खालच्या वस्तीवरचे लोकही मिठासाठी चौकीवर येऊन बसलेत. भात नको. मीठ टाका.

ढग जरा फाटले तसे आम्ही मीठ घेऊन उडालो. खाली डोंगराच्या माथ्यावर त्यांनी पांढरं कापड पसरलेलं दिसलं, बाजूला माणसं उभी. दरी अरुंद, एका फेरीत थोडीच पोती टाकता यायची. पायलटनं घंटा दिली, दोघांनी पाय झाडले, पोती गेली. घंटा दिली, थांबले. शेवटच्या फेरीला ढग परत मिटायला लागले होते. पोती गेली आणि एक अडकलं. बाहेरचं ढगळ गोणपाट दाराच्या कडेला धरलं गेलं होतं. थांबायची घंटा झाली. विमान वळणार होतं. किसनचा पट्टा दारापर्यंत पुरत नव्हता. त्यानं तो सोडला, गुडघ्यांवर पुढे गेला आणि पोत्याला खांदा लावला. पोतं सुटलं. तेवढ्यात विमान कलंडलं.

मी वायरलेसपाशी होतो. मागे वळून पाहिलं तेव्हा पाठीवर पडलेला एकच माणूस दिसला.

"किसन काय ढकलताना गेला?" मी बागेत हणमंताला विचारलं. "सांग नातीला."

"तिला म्हाईत हाय. मीच सांगितलंय तिला."

"मग जगाला का नाही?"

हणमंतानं विमानाच्या दाराकडे पाहिलं. समितीनं दाराचं भोक मात्र तसंच ठेवलं होतं, कारण दार मिळालं नव्हतं.

"त्याच्या सामानाची पेटी मी घिऊन आलो व्हतो त्याच्या गावाला," तो म्हणाला. "तू तिकडं दुसऱ्या तळावर गेलतास. म्हातारी उंबऱ्यात बसली व्हती. पेटी बघितली, रडली न्हाई. म्हणली, हणमंता, माझं पोरगं काय टाकत व्हतं? मी सगळं ठरवून गेलतो बघ काय बोलायचं त्ये. पन तिच्या पुढ्यात ताट व्हतं. भाकरी, आन् कडंला चिमूटभर मीठ. त्या ताटाकडं बघून मला म्हणवंना, की मावशी, ह्याच्यासाठी गेला. मी बॉम्ब म्हणलो."

"मग?"

"म्हणली, मग ठीक हाय. चारदा म्हणली. मग ठीक हाय, मग ठीक हाय. तिथं गाव गोळा झालं व्हतं, त्यांनी ऐकलं. ती मरेस्तवर तेच सांगत व्हती सगळ्यास्नी. बापूसाहेबांचं आजोळ त्याच गावात. त्यांनी ल्हानपनी ऐकलं असंल."

मी पंखांखालच्या त्या दोन भोपळ्यांकडे पाहिलं. इतके दिवस मी बापूसाहेबांना हसत होतो. त्या बिचाऱ्यानं नुसता गवंडी आणला होता.

"म्हणजे हे तुझे," मी म्हणालो. "सळ्या बापूसाहेबांच्या, सिमेंट तुझं."

"म्हण. काय म्हणायचं त्ये म्हण."

"म्हणतोच. मिठाची तुला लाज वाटली. चौकीवरची माणसं ज्याच्यासाठी कापड पसरून उभी राहिली, त्याची तुला लाज वाटली. किसनला नाही वाटली."

"म्हातारीसाठी बोललो मी."

"म्हातारी जाऊन किती वर्षं झाली? उद्या कुणासाठी बोलणार आहेस? फेट्यासाठी?"

 वैजू दोघांच्या मध्ये उभी होती. तिनं आजोबांच्या हातातून शेमला सोडवून घेतला आणि विचारलं, "ते शेवटचं पोतं फुटलं का?"

तिला उत्तर मी दिलं. "नाही. दुसऱ्या दिवशी चौकीवरून निरोप आला. सगळी पोती बाहेरून शाबूत मिळाली. मीठ मिळालं."

"हे त्यांच्या आईला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

तिनं शेमला आबांच्या खांद्यावर नीट सोडला. मग म्हणाली, "म्हणजे त्या 'ठीक हाय' म्हणाल्या ते बॉम्बला. मिठाला काय म्हणाल्या असत्या ते आपल्याला माहीतच नाही. आबा, तुम्ही त्यांना विचारलंच नाहीत."

हणमंत उठला आणि आम्हा दोघांकडे न बघता घराकडे चालू लागला. फेटा त्याच्या डोक्यावर होता, पण तो बांधलेल्यासारखा दिसत नव्हता, ठेवलेल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी गायब होती. दाभणही सापडेना. मी पोरांना मनातल्या मनात चार शिव्या दिल्या आणि इस्त्रीचा शर्ट घालून समारंभाला गेलो.

समारंभ बापूसाहेबांना शोभेल असाच होता. मंच, कनाती, समोर शाळेची पोरं उन्हात बसवलेली. गर्दी गप्प करायला शाळेची पितळी घंटा मंचाच्या खांबाला टांगली होती. पाहुण्यांनी आधी एका बॉम्बला हार घातला, मग दुसऱ्याला, नाहीतर तो रुसला असता. नारळ बॉम्बवर फोडला. नारळ फुटला, बॉम्ब हलला नाही. गवंड्यानं अभिमानानं आजूबाजूला पाहिलं. मग बापूसाहेबांनी भाषण केलं. त्यात या विमानानं शत्रूची दाणादाण उडवली असं सांगितलं, आणि शेवटी, "हे जवान खाल्ल्या मिठाला जागले," असं म्हणून ते घाम पुसत खाली बसले. मीठ हा शब्द मंचावर तेवढ्यापुरता येऊन गेला.

"आता या विमानातले वीर, हणमंतराव बाबर, आपल्या आठवणी सांगतील. त्यानंतर त्यांची नात."

हणमंत माइकपाशी आला. मी पोरांच्या रांगेत वैजूला शोधलं. तिची जागा रिकामी होती.

"आमी ह्या विमानातनं," हणमंतानं सुरुवात केली आणि थांबला. घसा खाकरला. "आमी. म्हणजे मी, आन् किसन शेडगे. आमी ह्यातनं."

पुढचा शब्द येईना. लोकांना वाटलं गहिवरला. कुणीतरी टाळी वाजवली. मला माहीत होतं, त्याच्यापुढे दोन शब्द उभे होते आणि त्याला एकच उचलायचा होता.

तेवढ्यात वरून आवाज आला.

"आबा, घंटा द्या."

सगळ्यांनी माना वर केल्या. विमानात चढायला पाहुण्यांसाठी लावलेल्या लोखंडी शिडीवरची फीत अजून कापलेली नव्हती, पण तिच्याखालून एक पोर सहज जाईल एवढी जागा होती. विमानाच्या दाराच्या भोकात एक ढगळ गोणपाटाचं पोतं दिसत होतं आणि त्याला टेकलेले दोन छोटे अनवाणी तळवे.

पोरं हसायला लागली. बापूसाहेब उठले. "कुणाची पोर आहे ती? उतरवा आधी तिला."

"माझी हाय," हणमंत माइकवर म्हणाला. ते सगळ्या स्टँडवर ऐकू गेलं. मग तो पाहुण्यांकडे वळला. "साहेब, खुर्ची जरा मागं घ्या. तिथं पडंल."

पाहुण्यांनी खुर्ची मागं घेतली. लष्करी आवाजातलं ऐकायची सवय माणसाला उपजतच असते.

हणमंत खांबापाशी गेला. हातोडी उचलली. ती त्यानं किती वेळ नुसती धरून ठेवली. मग एकच टोला दिला.

तळवे ताणले गेले. पोतं कडेवर डुललं आणि खाली आलं. गवतावर धप्प झालं, आत काहीतरी फाटल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत आला आणि पोतं पसरून बसलं. बाहेर काही सांडलं नाही. मास्तर पहिल्याच रांगेत होते. ते उठले, पोत्याभोवती एक फेरी मारली, चिरलेलं कुठं दिसतं का ते वाकून पाहिलं आणि हात मागे बांधून परत जागेवर जाऊन बसले.

"काय आहे यात?" पाहुण्यांनी विचारलं.

बापूसाहेब काहीतरी सांगणार होते. हणमंतानं डोक्यावरचा फेटा काढून मंचावरच्या टेबलावर ठेवला आणि माइक जवळ ओढला.

"मीठ," तो म्हणाला. "ह्येच टाकत व्हतो आमी. किसन शेडगे ह्येच टाकताना गेला. त्याच्या आईला मी खोटं सांगितलं."

बागेत कुणी हसलं नाही. स्टँडवर एक गाडी सुटली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकू आला.

वैजू भोकात उठून बसली. तेव्हा मला माझी दोरी दिसली. ती तिच्या कमरेला बांधलेली होती आणि दुसरं टोक आत विमानाच्या लोखंडी फासळीला. खाली आजोबा तिच्याकडे बघत होते. तिनं कमरेची गाठ दोन्ही हातांनी ओढून, पक्की असल्याचं त्यांना दाखवलं. मग आत वळली, दुसरं पोतं ओढत दारापाशी आणलं, पाठीवर आडवी झाली आणि पोत्याला पाय टेकवून घंटेची वाट बघत राहिली.